नाकातलं वजन

रविवारी सकाळी पावणेआठ वाजता मी बाबांचं विमान पहिल्यांदा त्याच्या चाकांवर उभं केलं आणि ते मागे कलून शेपटीवर बसलं.

आवाज अगदी लहान झाला, टेबलावर पेन्सिल पडावी तेवढा. मी नाकाला धरून ते खाली आणलं, पुढचं चाक टेबलाला टेकवलं आणि बोट काढलं. नाक पुन्हा सावकाश वर गेलं. तिसऱ्यांदा करून बघायची गरज नव्हती, तरी बघितलं.

नऊ वाजता देवदत्तकाका ते न्यायला येणार होते. प्लास्टिकची छोटी विमानं जोडणाऱ्या, रंगवणाऱ्या लोकांचं वर्षातून एकदा मुलुंडला प्रदर्शन असतं. या वर्षी तिथे बाबांच्या नावाचं वेगळं टेबल मांडलं होतं. चाळीस वर्षांत बाबांनी केलेली सोळा विमानं काका शनिवारीच खोक्यांत भरून घेऊन गेले होते. मधली जागा या सतराव्यासाठी ठेवली होती. बाबा जूनमध्ये गेले. धड आणि पंख त्यांनी जोडून ठेवले होते. घासणं, रंग, खुणा, चाकं हे सगळं मी ऑगस्ट-सप्टेंबरात केलं होतं. चाकं शनिवारी संध्याकाळी चिकटवली आणि गोंद वाळेपर्यंत विमान रात्रभर उलटं ठेवलं, त्यामुळे ते उभं राहतं की नाही हे रविवार उजाडेपर्यंत कळायचा प्रश्नच नव्हता.

विमान कॅनबेरा जातीचं. बाबा हवाई दलात मेकॅनिक होते तेव्हा अशाच विमानांखाली झोपून त्यांनी काम केलं होतं. नंतर विमानतळावरच्या हँगरमध्ये निवृत्तीपर्यंत. खऱ्या विमानाच्या नाकात यंत्रं असतात, माणसं असतात. प्लास्टिकचं विमान आतून पोकळ असतं, आणि मोठी चाकं पुढे असली की ते मागे बसतं. म्हणून धडाचे दोन अर्धे एकमेकांना चिकटवण्याआधी नाकात वजन घालायचं असतं. धड एकदा बंद झालं की संपलं. या छंदातला हा पहिल्या इयत्तेचा धडा आहे, आणि पहिल्या इयत्तेत बहुतेक सगळे तो एकदा विसरतात. बाबा विसरल्याचं मला आठवत नाही. वेसाव्याला माझ्या चुलत्यांची होडी आहे. त्यांच्या जुन्या पागाच्या, फेकायच्या जाळ्याच्या, कडेला ओवलेले शिशाचे मणी बाबा मागून आणत, स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलत आणि वहीत लिहून ठेवत. प्रत्येक विमानाला एक पान.

मी वही काढली. शेवटचं पान कॅनबेराचं. तारीख फेब्रुवारीतली. ‘आसन रंगवले. पुढची काच घासली. धड बंद केले.’ वजनाची ओळ नव्हती. मागची सोळाही पानं उलटून बघितली. सोळाही पानांवर होती.

फेब्रुवारीच्या त्याच आठवड्यात तीन गोष्टी झाल्या होत्या. बाबा दूध गॅसवर ठेवून पेपर आणायला खाली उतरले आणि जोगेश्वरी स्टेशनच्या पलीकडे चालत गेले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, आणि गॅसचा वास शेजारच्या सुलक्षणावहिनींना आला. मग त्यांनी माझ्या भावाला, विकीला, फोनवर दोनदा त्याचं नाव विचारलं. आणि शुक्रवारी मी कामावरून आले तर ते या टेबलाशी बसून पंखाची कड घासत होते. ब्लेडने अंगठा कापला होता, खालचा पेपर लाल झाला होता, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. धारदार वस्तू, रसायनं लांब ठेवा. त्याच संध्याकाळी मी बाबांच्या कपाटाला कुलूप लावलं. आत ब्लेडं, थिनर, गोंद, रंग, आणि तीन दिवसांपूर्वी धड बंद केलेलं हे विमान. चावी माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्याबरोबर रोज अंधेरीला कामावर.

“त्याचं हात बांधतेस तू,” आई तेव्हा म्हणाली होती. एवढंच. त्यानंतर आम्ही दोघी त्या कुलुपाबद्दल बोललो नाही. ते असताना नाही, गेल्यावरही नाही. तेराव्यानंतर मी कपाट उघडलं, तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली.

आता टेबलावर विमान नाक वर करून बसलं होतं. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे ते हातातलं कामसुद्धा विसरायला लागले होते. म्हणजे मी केलं ते बरोबर होतं.

दुसरी गोष्ट सुचायला काही मिनिटं गेली. शेपटीवर बसलेल्या विमानाखाली काचेसारखी काडी लावून त्याला उभं करता येतं. तसं केलं तर प्रदर्शनात येणारा प्रत्येक माणूस वाकून ती काडी बघेल आणि त्याला एका नजरेत कळेल: हरेश्वर शेवटी शेवटी वजन विसरला. सोळा विमानांच्या मधोमध ते दिसेल.

घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

पागाचे मणी डब्यात होते. मी ते एकेक करून चिकटपट्टीने नाकावर बाहेरून लावत गेले. अकराव्या मण्याला विमान तीन चाकांवर टेकलं. अकरा मणी आत जायला हवेत. पुढचं चाक ज्या खाचेत बसतं तिचं छत पातळ असतं. तिथे भोक पाडून मणी एकेक करून ढकलले, वर गोंद सोडला, तर बाहेरून दिसणार नव्हतं. चूक झाली तर पुढचा पाय तुटणार होता, आणि तो किटमध्ये एकच येतो.

मी विमान उशीवर उलटं ठेवलं. हाताने फिरवायचं छोटं ड्रिल घेतलं, टोक खाचेत टेकवलं आणि फिरवायला लागले. प्लास्टिकचा पांढरा भुगा वर आला.

“काय करतेस?” आई दारात होती. हातात चहाचा कप.

“काही नाही. थोडं काम राहिलंय.”

“काल बोललीस झालं म्हणून.” ती जवळ आली. तिने नाकावरच्या चिकटपट्टीत गुंडाळलेले मणी बघितले. कोळ्याच्या घरात जन्मलेल्या बाईला शिशाचे मणी कशाला असतात हे सांगावं लागत नाही, आणि बाबांशी पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला ते विमानाला कशाला लागतात हेही सांगावं लागत नाही. “बसतंय मागं?”

“हो.”

“म्हंजे त्याने घातलं नाय.”

“वहीत लिहिलेलं नाही.”

“मी वही नाय इचारत.”

मी ड्रिल थांबवलं नाही. “आई, नऊला काका येतायत. मला हे करू दे.”

“त्याने बंद केलेलं तू फोडतेस?”

“भोक पाडतेय. एवढंसं.”

“तुला कुलपं लावायला नि भोकं पाडायला बरं जमतं गो.”

सात महिन्यांत ती पहिल्यांदा कुलपाबद्दल बोलली होती. मी टोक खाचेतून बाहेर काढलं.

“विसरले ते,” मी म्हटलं. माझा आवाज मला हवा त्यापेक्षा मोठा आला. “हे बघ ना. हे बघ. चाळीस वर्षांत कधी विसरले नाहीत ते विसरले. त्यांच्या हातात ब्लेड ठेवायचं होतं मी? थिनर ठेवायचं होतं? गॅस पेटवला असता आणि—”

“ओरडू नको. मी भयरी नाय.”

चहाचा कप तिने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, आता काय करायचं ते माझ्या तोंडावर कर, अशी. मी पुन्हा टोक टेकवलं. अर्धा फेरा फिरवला असेल नसेल, तेवढ्यात बेल वाजली. आठ वीस.

“लवकर निघालो, पुढे खणून ठेवलेलं असतं,” देवदत्तकाका बूट काढता काढता म्हणाले. ते सत्तरीचे आहेत, मुलुंडचे, बाबांचे या छंदातले सर्वांत जुने मित्र, आणि घरात शिरल्यापासून ते बाहेर पडेपर्यंत बोलत असतात. “वहिनी, चहा नको, पोहे असतील तर चालतील. कुठाय आमचा हिरो? तिकडे मधली जागा रिकामी बघून त्या देशमुखाने आपलं हेलिकॉप्टर सरकवायला घेतलं होतं, म्हटलं हात तोडीन…”

मग त्यांनी उशीवर उलटं पडलेलं विमान बघितलं, नाकावरचे मणी बघितले, ड्रिल बघितलं आणि त्यांचं बोलणं बंद झालं.

“शेपटीवर?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“कुत्रं बसतं तसं? हरीचं विमान?” ते हसले, पण आमच्या दोघींकडे बघून लगेच थांबले. “थांब. ते ड्रिल बाजूला ठेव आधी.”

त्यांनी मणी सोडवले. विमान दोन बोटांवर पंखांखाली धरून तोललं. शेपटी झपकन खाली गेली. त्यांनी पुन्हा केलं. मग विमान कानाशी नेऊन हलवलं. मीही सकाळी हलवून बघितलं होतं, आत काहीही वाजत नव्हतं.

“वहीत नाहीये,” मी म्हटलं. “विसरले ते.”

“लिहायला विसरला असेल.”

“म्हणजे विसरलेच ना.”

“लिहायला, गं.” ते अजून विमान तोलत होते. “रिकामं असतं तर इतकं नसतं पडलं. रंग कशाने वाळवलास?”

मला प्रश्नाचा संबंध कळला नाही. “हेअर ड्रायरने. हवा दमट होती, दोन-दोन दिवस हात लावता येत नव्हता. तारीख जवळ आली होती.”

“कसं ठेवून?”

“पेल्यात. शेपटी खाली, नाक वर. म्हणजे पंखांना काही लागायला नको.”

“किती वेळ?”

“दर हाताला पंधरा-वीस मिनिटं. पाच हात दिले.”

काकांनी डोळे मिटून घेतले. दुखऱ्या दाताला जीभ लागल्यावर मिटतो तसे. “हरी वजन मेणात बसवायचा,” ते म्हणाले. “साध्या मेणबत्तीच्या. शिशाला पांढरा गोंद लावला की ते काही वर्षांनी आतल्या आत फुगतं. माझं एक विमान बारा वर्षांनी कपाटात बसल्या बसल्या उकललं होतं. त्यानंतर आम्ही दोघांनी मेण धरलं. तुझ्या ड्रायरने ते वितळून वजनासकट शेपटीत उतरलं असणार. तुला बोलला नाही कधी?”

“नाही.”

“तू विचारलं नसशील. आण तो ड्रायर.”

मी आतल्या खोलीत गेले. ड्रायर पलंगावरच होता, तरी मी काही क्षण तिथे उभी राहिले. आत मेण असेल तर विमान उभं राहणार होतं. बाबा विसरले नव्हते हे सिद्ध होणार होतं, मुलुंडच्या सगळ्या लोकांसमोर. गेले दोन महिने मी संध्याकाळी येऊन त्यासाठीच बसत होते. आणि आता आत काही नसावं असं मला वाटत होतं.

“हेमांगी!” काका ओरडले. “साडेआठ झाले!”

त्यांनी विमान नाक खाली करून दोन्ही हातांत धरलं होतं. “ड्रायर तू धर. तुझा रंग आहे, किती सोसेल ते तुला ठाऊक. शेपटीपासून सुरू कर. एका जागी थांबू नको, नाहीतर फोड येतील.”

मी ड्रायर चालू केला. शेपटीकडून पंखांकडे, पुन्हा शेपटीकडे. राखाडी रंगावर हवाई दलाच्या गोल खुणा होत्या. त्या लावायला मला दोन आठवडे लागले होते. एकीची कड उचलली जातेय असं वाटलं आणि मी हात मागे घेतला. काका म्हणाले, “जवळ.” मी जवळ नेला. पाच मिनिटं गेली. काही झालं नाही. काका नखाने धडावर टकटक करत होते आणि कान लावत होते. ड्रायरच्या आवाजात त्यांना काय ऐकू येत होतं कोण जाणे.

“काका, नसेल काही,” मी म्हटलं.

“गप्प बस.”

आठवं मिनिट. रंगाचा वास यायला लागला. माझ्या मनगटाला घाम आला होता. मी ड्रायर बंद करायला अंगठा सरकवला, आणि तेवढ्यात काकांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या बोटांना ते आधी कळलं होतं.

“सरकलं,” ते म्हणाले. “बंद करू नको. पुढे ये. माझ्याबरोबर पुढे ये.”

आता आम्ही दोघं मिळून आतली न दिसणारी गोष्ट पुढे नेत होतो. ते नखाने वाजवत होते तिथे मी गरम हवा सोडत होते. पंखांपाशी ते अडकलं. काकांनी विमान किंचित तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. मग आतून एक बसका आवाज आला, ओलं कापड लादीवर पडावं तसा. आसनामागच्या भिंतीला ते जाऊन टेकलं होतं. या वेळी मीही ऐकलं. आईनेही ऐकलं, कारण ती खुर्चीतून उठली.

काकांनी विमान नाक खाली करून पेल्यात उभं केलं आणि मला पंखा लावायला सांगितलं. दहा मिनिटं कोणी पोह्यांची आठवण काढली नाही. काकांनीसुद्धा. मग त्यांनी ते काढलं आणि टेबलावर ठेवलं.

ते तीन चाकांवर उभं राहिलं.

काकांनी शेपटी एका बोटाने दाबून सोडली. नाक वर गेलं आणि परत खाली येऊन टेकलं. “बरोबर जेवढं हवं तेवढं,” ते म्हणाले. “मण्याचीही उधळपट्टी नाही.” त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. “मी गाडी वळवून घेतो. खोक्यात ठेवून आण. नाक जरा खाली धर, मेण अजून पुरतं घट्ट झालं नसेल.”

ते गेले. मी खोक्यात कापूस पसरला. आई टेबलाशी उभी होती.

“घातलेलं त्याने,” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

ती काय विचारत होती ते मला कळलं. मी कापूस दाबत राहिले. “मग मी कुलूप लावलं ते चुकलं. निदान या कामापुरतं तरी. ब्लेड, थिनर… ते मला अजूनही माहीत नाही.” मी तिच्याकडे बघितलं नाही. “पण हे विमान त्यांनी पुरं केलं असतं.”

आई मग खुर्चीवर बसली.

“तो चावी मागायचा,” ती म्हणाली. “तू कामाला गेलीस की. रोज.”

“मला कधी नाही मागितली.”

“तुज्याकडं हाय हे त्याला ठावं नव्हतं. तुजं नाव घेतलं असतं तर तुज्याशी भांडला असता. तू दिवसभर खपून येतेस, आल्यावर घरात भांडण नको. मी त्याला सांगायचे, चावी तूच ठेवलीस कुठंतरी, आठव जरा.”

मी खोकं खाली ठेवलं.

“मग शोधायचा,” आई म्हणाली. “बिचारा. तांदळाच्या डब्यात पन हात घालायचा. गादीखाली. देवाच्या मागं. शोधून शोधून दमायचा नि मना इचारायचा, मी असं कसं गो इसरलो.”

मार्चमध्ये मी डॉक्टरांना सांगितलं होतं की बाबा हल्ली दिवसभर घरात काहीतरी शोधत असतात. रात्री विचारलं तर सांगत नाहीत, नुसते ओशाळल्यासारखे बघतात. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं होतं. त्यानंतर औषध वाढलं होतं, आणि औषध वाढल्यावर बाबा शोधायचे थांबले होते. आम्हाला सगळ्यांना तेव्हा बरं वाटलं होतं.

हे मी आईला सांगितलं नाही. सांगायचं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. चार महिने एकटीने ते पोटात ठेवलेली, आणि त्यानंतरचे हे तीन महिनेही. मी तिला काही म्हणेन म्हणून ती थांबली होती. ओरडेन, किंवा असू दे म्हणेन. मी विमान उचललं आणि नाक जरा खाली धरून खोक्यात ठेवलं.

खाली हॉर्न वाजला.

“तू जा काकांबरोबर,” मी म्हटलं. “टेबलाशी तू बस. लोक येतील, तू सांग.”

“नि तू?”

“मी घरी थांबते.”

“मना काय कळतंय त्यातलं? तिकडं कोनी हात लावला, चाक निगालं, तर मी काय करू? तुज्या नावाने बोंबलू?” ती उठली. पदराने तिने तोंड पुसलं, मग त्याच पदराने टेबलावरचा पांढरा भुगा एका हाताने गोळा करून दुसऱ्या तळहातावर घेतला. “तुजा गोंद घे. ब्लेड घे. सगलं घे पिशवीत.”

मी कपाटाकडे गेले.

“नि चपला घाल,” ती मागून म्हणाली. “मी साडी बदलून येते. त्याला सांग, पाच मिनटं थांब. हॉर्न मारू नको म्हनावं, लोकं झोपलीत.”